पाणी कोणाच्या दारात सोडायचे?

स्मरणिकेसाठी संपादक मंडळाचे पत्र आले की त्यात बहुधा एकच मागणी असते : "डॉक्टर, आरोग्यावर काहीतरी लिहा." त्याप्रमाणे मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार या विषयांवर आम्ही यापूर्वी लिहिले आहे. यंदा मात्र आम्ही गटारावर लिहिणार आहोत. विषय वाचून काही वाचकांच्या कपाळावर आठी उमटेल, याची आम्हांस कल्पना आहे. ज्या समाजाला शतकानुशतके इतरांची घाण उपसायला लावले, त्या समाजातील चार बुके शिकलेल्या माणसाने सातासमुद्रापलीकडे येऊन पुन्हा गटाराचीच चर्चा करावी काय? आमचे उत्तर असे की, अवश्य करावी. पण आता ती गटार कोठून काढायचे आणि कोठे न्यायचे हे ठरविणाऱ्याच्या खुर्चीत बसून करावी. ही खुर्ची या देशात आपल्यासाठी मोकळी आहे. आपण तिच्यावर जाऊन बसत नाही, एवढीच आमची तक्रार आहे, आणि ती प्रथम आमच्या स्वतःबद्दल आहे.

आमचे घर कोलोरॅडो राज्यातील बोल्डर काउंटीत, रॉकी पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या एका लहानशा गावात आहे. या प्रदेशात वर्षाकाठी सरासरी वीस इंच पाऊस आणि बर्फाचे पाणी पडते. कोकणातल्या माणसाला त्याला पाऊस म्हणणेही जिवावर येते. त्यामुळे २०१३ च्या सप्टेंबरात ९ तारखेपासून झड लागली तेव्हा आम्हांला भीती वाटण्याऐवजी गावाकडची आठवण येऊन बरेच वाटले. ११ तारखेच्या मध्यरात्रीनंतर तळघरातून बुडबुड असा आवाज येऊ लागला. खाली जाऊन पाहतो तो जमिनीतल्या जाळीतून काळे पाणी वर येत होते. ते पावसाचे नव्हते. गावच्या मैलापाण्याच्या नळांत पावसाचे पाणी शिरून ते तुडुंब भरले होते आणि जे पाणी आमच्या घरातून बाहेर जायचे, तेच उलटे आत येत होते. उजाडेपर्यंत ते गुडघ्याला लागले. तीर्थरूपांनी आम्हांला वसतिगृहावर पाठविलेली पत्रे, मुलांच्या लहानपणीचे फोटो, वैद्यकीय महाविद्यालयातील पुस्तके असे सारे त्या पाण्यात गेले.

तथापि आमचे दुःख लहान होते, हे दोन दिवसांनी कळले. एका शाळेच्या व्यायामशाळेत निवारा केंद्र उघडले होते. तेथे आम्ही रुग्ण तपासण्यास गेलो. टेबलापुढे एक मध्यमवयीन मेक्सिकन गृहस्थ येऊन बसले. व्यवसाय छपरे शाकारण्याचा. मधुमेह जुना. इन्सुलिन शीतकपाटात होते आणि शीतकपाट घरासह वाहून गेले होते. पायाला पत्र्याची खोल जखम होती. आम्ही जखम धुतली, धनुर्वाताची लस टोचली, इन्सुलिन मिळवून दिले. ते घर कोठे होते, हे विचारल्यावर त्यांनी आमच्याच वसाहतीच्या उताराखालच्या ट्रेलर पार्कचे नाव सांगितले. चाकांवरच्या घरांची ती चाळच म्हणा ना! बोलता बोलता समजले की आमच्या वसाहतीतली अर्धीअधिक छपरे त्यांच्याच हातची होती. जाताना त्यांनी एकच प्रश्न विचारला, "परत कधी जाता येईल?" आम्ही डॉक्टर, आम्हांस काय ठाऊक? परंतु तो प्रश्न आम्हांला सोडीना. त्याचे कारण पुढे येईल.

प्रथम त्या आठवड्यात काय घडले, ते पाहू. १२ सप्टेंबर रोजी बोल्डर शहरात एका दिवसात नऊ इंचांहून अधिक पाऊस पडला. वर्षाच्या पावसाचा बहुतेक वाटा एका आठवड्यात पडून गेला. सपाट प्रदेशात एवढे पाणी पसरते आणि सावकाश ओसरते. डोंगराच्या गावात तसे होत नाही. वर कडा, त्यावर हातभर माती, खाली खडक. थोडे पाणी जिरले की बाकीचे सारे धावत सुटते आणि अरुंद घळीतून बाहेर पडताना त्याच्याबरोबर दगड, माती, उन्मळलेली झाडे येतात. त्यातच २०१० च्या सप्टेंबरात फोरमाइल कॅनियन येथे मोठा वणवा लागून दीडशेहून अधिक घरे आणि हजारो एकर डोंगर जळाला होता. जळालेल्या जमिनीवर पाणी मेणकापडावरून ओघळावे तसे ओघळते. खाली आलेला हा लोंढा रस्त्याखालच्या मोरीपाशी पोचतो. मोरी पाण्यापुरती बांधलेली असते, ओंडक्यांसाठी नाही. एक झाड आडवे अडकले की मोरी बुजते, आणि मग रस्ता हाच ओढा होतो.

याला आपण हातभार लावतो तो निराळाच. दोन हजार चौरस फुटांच्या छपरावर एक इंच पाऊस पडला, तर सुमारे साडेबाराशे गॅलन पाणी होते. नऊ इंचांचे अकरा हजार गॅलनांवर जाते. पूर्वी त्या जागेवर गवत होते. ते त्यातले काही पीत असे, काही अडवून धरीत असे. आता छप्पर, फरसबंदी अंगण, दोन मोटारींचा रस्ता आणि पुढे डांबर. पाणी तेच, पण सगळे एकाच वेळी खाली येते. रक्तदाबाच्या रुग्णाला आम्ही सांगतो की, रक्त वाढलेले नाही, नळ्या कडक झाल्या म्हणून दाब वाढला. गावाचेही तसेच असते. जमीन कडक केली की ओढ्याचा दाब वाढतो, आणि फुटतो तो नेमका सर्वांत खालच्या जागी.

बोल्डर शहराला हे फार पूर्वी कळले होते. ३१ मे १८९४ रोजी वितळणाऱ्या बर्फावर पाऊस पडून बोल्डर क्रीक या ओढ्याने शहराची दैना केली. पुढे १९१० साली फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड (धाकटे) या नगररचनाकाराने शहराला अहवाल दिला. ओढ्याला नळात कोंडू नका, त्याच्या काठची सखल जमीन बाग म्हणून मोकळी ठेवा. चांगल्या दिवसांत ती लोकांच्या उपयोगी पडेल आणि वाईट दिवसांत पाण्याच्या, असा त्याचा आशय होता. लोकांनी अहवाल कपाटात ठेवला आणि काठावर घरे, दुकाने बांधली. सुज्ञ सल्ल्याचे असे आतिथ्य करण्यात पौर्वात्य आणि पाश्चात्त्य यांत काही फरक नाही.

या शहरातच १९७० पासून गिल्बर्ट व्हाइट हे भूगोलशास्त्रज्ञ विद्यापीठात शिकवीत होते. पावसाला निसर्ग जबाबदार असला, तरी पुराने होणाऱ्या हानीला बव्हंशी माणसांचे निर्णय जबाबदार असतात, हा विचार त्यांनी १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रबंधापासून आयुष्यभर मांडला. केवळ धरणे आणि बंधारे बांधून भागणार नाही. कोठे बांधायचे नाही, हे ठरविणे, लोकांना आधी सावध करणे, विमा काढणे आणि धोक्याच्या जागेवरून घरे हलविणे, हे सारे मिळून पूरनियंत्रण होते, असे त्यांचे म्हणणे. १९७३ साली बोल्डरने पावसाचे पाणी आणि पूर यांसाठी स्वतंत्र खाते स्थापन केले. त्याचा खर्च मालमत्तेवरील फरसबंदीच्या आणि छपराच्या प्रमाणात आकार घेऊन चालतो. ज्याने जमीन अधिक झाकली, त्याने अधिक द्यावे. आमच्या मते करआकारणीतली यापेक्षा सरळ नीती क्वचितच सापडेल.

लोकांचे डोळे खरे उघडले ते ३१ जुलै १९७६ च्या रात्री. जवळच्या बिग थॉम्प्सन दरीत काही तासांत सुमारे बारा इंच पाऊस कोसळला आणि १४० हून अधिक माणसे गेली. पुष्कळजण मोटारीतून दरीच्या बाहेर पळण्याच्या प्रयत्नात वाहून गेले. मोटार सोडून डोंगरावर चार पुरुष उंच चढलेले वाचले. म्हणूनच आज कोलोरॅडोतील दऱ्यांत, पूर आल्यास वर चढा, असे फलक दिसतात. त्यानंतर बोल्डरने ओढ्याकाठची काही धोक्याची घरे विकत घेऊन पाडली. काठाने सायकलींचा रस्ता केला, तो पुलांखालून जातो आणि पुराच्या वेळी पाण्याला वाट देतो. पादचाऱ्यांचे काही पूल तर असे बांधले की, लोंढा आला की एका टोकाने सुटून ते बाजूला वळतात आणि झाडाझुडपांचा बांध तयार होऊ देत नाहीत. शहराच्या मध्यभागी व्हाइट यांच्या स्मरणार्थ २०११ मध्ये एक स्तंभ उभारला आहे. पन्नास, शंभर, पाचशे वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुरांची आणि बिग थॉम्प्सनसारख्या पुराची पातळी त्यावर खुणांनी दाखविली आहे. थोर पुरुषांचे पुतळे पुष्कळ पाहिले, परंतु पाणी कोठवर येईल हे सांगणारे स्मारक आम्ही तेथेच प्रथम पाहिले. २०१३ साली या मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्याने मुख्य ओढ्याकाठी मोठे काम केले, यात शंका नाही.

मग दुःख कोठे झाले? ते झाले उपओढ्यांच्या काठी, जेथे लक्ष कमी आणि पैसा त्याहून कमी पोचला होता. ते झाले आमच्यासारख्या हजारो तळघरांत, कारण पावसाळी गटारांचा विचार झाला तरी मैलापाण्याच्या जुन्या नळांचा पुरेसा झाला नव्हता. आणि सर्वांत जास्त झाले, ते सर्वांत सखल जागी राहणाऱ्या सर्वांत गरीब माणसांचे.

लायन्स या गावाचे उदाहरण घ्या. दोन हजार वस्तीचे हे टुमदार गाव, सेंट व्ह्रेन नदीच्या उत्तर आणि दक्षिण शाखा तेथे एकत्र येतात. पुराने गावाची बेटे केली. वीज, पाणी, मलनिःसारण सारे तुटले आणि गाव रिकामे करावे लागले. गावात दोन ट्रेलर पार्क होते, दोन्ही नदीकाठच्या सखल जमिनीवर. गवंडी, सुतार, वादक, हॉटेलात राबणारी माणसे तेथे राहात. दोन्ही वसाहती नष्ट झाल्या आणि पुन्हा तशा उभ्या राहिल्या नाहीत. या कुटुंबांना परत आणण्यासाठी गावच्या एका बागेचा काही भाग परवडणाऱ्या घरांना द्यावा, असा प्रस्ताव आला. मार्च २०१५ मध्ये त्यावर मतदान झाले आणि प्रस्ताव फेटाळला गेला. विरोध करणारे सारेच निष्ठुर होते, असे आम्ही म्हणणार नाही. बागेची जमीन बागेसाठीच असावी, ही भूमिकाही प्रामाणिक असू शकते. पुढे दुसऱ्या जागी काही परवडणारी घरे झालीही, पण तोवर कित्येक वर्षे लोटली होती. गरिबाला दहा वर्षे वाट पाहता येत नाही. तो दुसऱ्या गावी जातो आणि त्या गावच्या सखल जागेवर राहतो.

आता आमची गोष्ट. पुरापूर्वी पाचसहा वर्षे आमच्या गावाने आमच्या वसाहतीच्या माथ्यावरील मोकळ्या भूखंडात पावसाचे पाणी तात्पुरते अडविणारे एक तळे आणि खालच्या मोरीचे रुंदीकरण योजिले होते. त्यासाठी घरटी थोडा आकार वाढणार होता. वसाहतीत लगेच विरोधाचा अर्ज फिरला. डास होतील, मुले बुडतील, घरांच्या किमती उतरतील, अशी कारणे त्यात होती. संध्याकाळी शेजारी दारात आले, आम्ही गडबडीत होतो. नवीन देशात शेजाऱ्यांशी बरे असावे, अशीही भावना होती. आम्ही सही केली. नगर परिषदेच्या सभेला गेलो नाही, नकाशा पाहिला नाही, तळ्याच्या खाली कोण राहते, हे विचारलेही नाही. योजना मागे पडली. त्या रात्री बुजलेल्या मोरीवरून जे पाणी त्या ट्रेलर पार्कमध्ये शिरले, त्यात आमच्या छपराचे अकरा हजार गॅलन होते.

त्या एका तळ्याने त्या रात्रीचा सगळा पाऊस अडला असता, असे कोणताही अभियंता म्हणणार नाही. अशी तळी नेहमीच्या वादळी सरींसाठी असतात. एवढ्या अतिवृष्टीत तेही भरून वाहिले असते. परंतु लोंढ्याला अर्धा तास उशीर झाला असता, तर कदाचित मध्यरात्रीऐवजी माणसे जागी असताना, औषधे खिशात घालून बाहेर पडली असती. वैद्यकात अर्ध्या तासाची किंमत काय असते, हे आम्हांला कोणी शिकवावे लागत नाही. "परत कधी जाता येईल?" या प्रश्नाने आम्हांला का छळले, ते आता वाचकांच्या ध्यानी येईल.

आणि हा प्रश्न आम्हांला परकाही नव्हता. आमचे आजोळ महाड तालुक्यात, सावित्रीच्या खोऱ्यात. गावाची वरची आळी उंचावर आणि आपली वस्ती गावकुसाबाहेर, ओढ्याच्या कुशीत. मृगाच्या आधी आजी धान्याची कणगी माळ्यावर चढवीत असे. वरच्या आळीतले गटार आमच्या वस्तीतून वाहात खाली जाई. आजी म्हणे, "पाऊस सगळ्यांवर पडतो, पण पाणी आपल्याच दारात येतं." लहानपणी आम्ही ते डोंगरउताराचे वर्णन समजलो. वय झाल्यावर कळले की, उतार निसर्गाने दिला होता, पण त्यावर कोणी कोठे राहायचे, हे माणसांनी ठरविले होते.

महाडचे नाव घेतल्यावर २० मार्च १९२७ हा दिवस कोणाला आठवणार नाही? सार्वजनिक तळ्याचे पाणी सर्वांना घेता आले पाहिजे, हा हक्क बाबासाहेबांनी चवदार तळ्यावर ओंजळभर पाण्याने बजावला. तो पाणी मिळण्याचा हक्क होता. आमचे म्हणणे असे आहे की त्याच हक्काची दुसरी बाजू आहे. दुसऱ्याने सोडलेले पाणी आपल्या दारात न येण्याचा हक्क हाही नागरी हक्कच आहे. पाण्यापासून दूर ठेवणे आणि पाण्याच्या तोंडी देणे, या दोहोंमागे माणसाची एकच प्रतवारी आहे.

त्याच महाडमध्ये २२ जुलै २०२१ रोजी काय झाले, हे आपण इथून दूरचित्रवाणीवर पाहिले. सावित्रीचा उगम असलेल्या महाबळेश्वरी एका दिवसात जवळपास ६०० मिलिमीटर पाऊस झाला. डोंगर उतरून ते पाणी सावित्री आणि गांधारी यांच्या पात्रांतून महाडच्या बाजारपेठेत शिरले, आणि खाडीला भरती असली की ते ओसरायलाही जागा मिळत नाही. त्याच दिवशी तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गाडली गेली. २००५ च्या जुलैमध्ये दासगाव, जुई येथे असेच घडले होते. तेव्हा आपल्या मंडळांनी निधी जमविला, कपडे, औषधे पाठविली. ते योग्यच झाले. पण दर वेळी आपण ब्लँकेटे पाठवितो आणि मोरीबद्दल कोणी विचारीत नाही.

बाबासाहेबांनी विचारले होते. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूरमंत्री होते आणि पाटबंधारे व वीज हे विषय त्यांच्याकडे होते, याची आठवण जयंतीच्या भाषणांत फारशी होत नाही. १९४३ साली बंगालमध्ये दामोदर नदीचा बांध फुटून हाहाकार उडाला. बांध आणखी उंच करा, हा जुना उपाय होता. बाबासाहेबांनी संपूर्ण खोऱ्याचा एकत्र विचार व्हावा, पूरनियंत्रण, सिंचन, वीज आणि जलवाहतूक यांची एकच योजना असावी, असा आग्रह धरला. त्यासाठी अमेरिकेतील टेनेसी खोऱ्याच्या प्राधिकरणाचा नमुना पुढे ठेवला गेला आणि तेथील व्हूर्डुइन या अभियंत्याने योजनेचा आराखडा केला. त्यातून १९४८ च्या कायद्याने दामोदर खोरे महामंडळ स्थापन झाले. नोव्हेंबर १९४५ मध्ये कटक येथील परिषदेत त्यांनी मांडलेला विचार असा की, अतिरिक्त पाणी हे संकट मानून समुद्राकडे हाकलून देऊ नये. ती संपत्ती आहे आणि ती साठविली पाहिजे. या मोठ्या धरणांनी पुढे ज्या आदिवासी आणि शेतकरी कुटुंबांची गावे बुडाली, त्यांचे देणे पुरते फिटले नाही, हेही येथे नमूद केलेच पाहिजे. तरीही मूळ दृष्टी मोलाची आहे. आपल्या कुंपणापुरता विचार न करता पाणी जेथून येते आणि जेथे जाते, त्या सबंध क्षेत्राचा विचार करावा. आमच्या वसाहतीने त्या अर्जात नेमके याच्या उलट केले होते.

यावर आपल्याच मंडळींकडून येणारे आक्षेप आम्हांला पाठ आहेत. पहिला असा की, आम्ही कष्टाने शिकलो, उंचावर घर घेतले, कर भरतो. खालच्यांची जबाबदारी आमच्यावर का? याचे उत्तर सोपे आहे. तुमचे पाणी खाली जाते, म्हणून. ज्या दिवशी तुमच्या छपरावरचे पाणी तुमच्याच अंगणात जिरेल, त्या दिवशी हा प्रश्न अवश्य विचारा. दुसरा आक्षेप असा की, हा त्यांचा देश आहे, आपण पाहुणे. ज्या देशात मुले जन्मली, घराचे तीस वर्षांचे कर्ज काढले, त्या देशात कोणी पाहुणा राहात नाही. तिसरा आक्षेप असा की, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरासाठी एवढा खर्च कशाला? हा शब्दप्रयोग फसवा आहे. शंभर वर्षांचा पूर म्हणजे कोणत्याही एका वर्षी येण्याची शक्यता शंभरात एक असलेला पूर. तीस वर्षांच्या कर्जाच्या मुदतीत तो निदान एकदा येण्याची शक्यता शंभरात सव्वीस होते. एखाद्या रुग्णाला हृदयविकाराचा एवढा धोका असेल, तर आम्ही त्याला गोळी दिल्याशिवाय दवाखान्यातून सोडणार नाही.

आणि ही केवळ कोलोरॅडोची कथा नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन वादळाच्या पावसाने उत्तर कॅरोलिनाच्या डोंगरांतील ॲशव्हिल शहराची अशी स्थिती केली की तेथील नळांना पिण्यायोग्य पाणी पुन्हा यायला ५३ दिवस लागले. हवेचे तापमान वाढले की ती अधिक बाष्प धरते आणि सर एकदम कोसळते. म्हणजे आपल्या मुलांच्या वाट्याला अशा रात्री कमी नव्हे, अधिकच येणार आहेत.

तेव्हा करायचे काय? डॉक्टरची सवय म्हणून आम्ही औषध लिहून देतो. घर घेण्यापूर्वी शाळेचा दर्जा पाहतो, तसा पूररेषेचा नकाशाही पाहावा. साध्या गृहविम्यात पूर येत नाही. तो वेगळा घ्यावा लागतो आणि सरकारी योजनेत तो लागू व्हायला बहुधा तीस दिवस लागतात. म्हणून आभाळ भरून आल्यावर धावू नये. मैलापाणी उलटे फिरू नये म्हणून नळाला एकेरी झडप बसविता येते. ती बसविली असती, तर तीर्थरूपांची पत्रे आज आमच्याजवळ असती. वेगाने वाहणारे सहा इंच पाणी धडधाकट माणसाला पाडते आणि बारा इंच पाणी लहान मोटार वाहून नेते, हे नव्याने मोटार शिकणाऱ्या मुलांना जरूर सांगावे. पुरानंतर तळघर हातमोजे, बूट घालून साफ करावे, भिजलेले गालिचे आणि भिंतीचे पुठ्ठे लगेच काढून टाकावेत, जनित्र घरात लावू नये. त्याच्या विषारी वायूने पुरानंतर माणसे दगावतात. औषधांची आठवड्याची पुडी दाराजवळ तयार असावी. अंगणात फरशी कमी आणि माती जास्त ठेवावी.

परंतु एवढ्याने फक्त आपले घर वाचेल. खरे औषध कडू आहे, ते म्हणजे नगर परिषदेची सभा. ती कंटाळवाणी असते. तेथे मोरीचा व्यास आणि आकाराचे दर यांवर तासन् तास चर्चा होते. विहारात वंदनेला, जयंतीला, सहभोजनाला आपण आवर्जून जातो. वर्षातून दोन संध्याकाळी तेथेही जावे. उठून एवढेच विचारावे की, हे पाणी शेवटी कोणाच्या दारात जाणार आहे आणि ते लोक आज या सभेत आहेत का? बहुधा ते नसतात. ते दुसऱ्या पाळीत कामावर असतात, किंवा कागदपत्रे नसल्याने पुढे यायला घाबरतात. अशांना आपत्तीनंतरची सरकारी रोख मदतही मिळत नाही. त्यांच्या वतीने कोणीतरी विचारले पाहिजे, आणि गावकुसाबाहेरच्या पाण्याची आठवण ज्यांच्या घराण्यात अजून ताजी आहे, त्यांच्याहून हा प्रश्न विचारायला अधिक लायक कोण?

पुरानंतर तळ्याची योजना आमच्या गावात पुन्हा चर्चेला आली. या वेळी आम्ही सभेला गेलो. आमची जुनी सही आम्ही मागे घेत आहोत, असे उभे राहून सांगितले. आवाज थोडा कापला. एक शेजारी अजून आमच्याशी फारसे बोलत नाहीत. तळे झाले. वर्षातले बहुतेक दिवस ते कोरडेच असते, मुले त्यात चेंडू खेळतात. डासही झाले नाहीत, घरांच्या किमतीही उतरल्या नाहीत.

छपरे शाकारणारे ते गृहस्थ मात्र परत आले नाहीत. त्यांची वसाहत पुन्हा उभारलीच गेली नाही. ते दुसऱ्या गावी गेले, असे कोणीतरी सांगितले. ती जागा उंच आहे की सखल, ते आम्हांस अद्याप समजलेले नाही.

जय भीम!